चार फुटी प्लायवूडचा फिशटँक: मापं, जोडणी आणि वॉटरप्रूफिंग

तीन फुटांपर्यंतचा टँक हवा असेल तर सरळ काचेचा विकत घ्या. तेवढ्या मापात प्लायवूडची खटपट ना पैशांनी परवडते, ना वेळेने. चार फुटांपासून पुढे मात्र जाड काचेची किंमत आणि वजन दोन्ही भराभर चढतात आणि तिथे प्लायवूड कामाला येतं: समोर एकच काच, बाकी तळ, पाठ आणि दोन्ही बाजू लाकडाच्या. भिंतीला टेकवून ठेवायच्या टँकला तशीही एकच बाजू दिसते. तीन बाजूंनी मासे बघायचे असतील तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढची सगळी कामं तिच्यावर उभी आहेत. प्लायवूड पाणी अडवत नाही, मरीन प्लायसुद्धा नाही. मरीन प्लायमध्ये थर चिकटवणारा गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आतलं लाकूड पाणी पितं आणि फुगतं. टँकमध्ये प्लायचं काम फक्त दाब सोसण्याचं. पाणी अडवायचं काम आतल्या रेझिनच्या कवचाचं; रेझिन म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारं चिकट द्रव्य, आपल्या कामात इपॉक्सी. सुताराने खोका कितीही देखणा जोडला तरी कोपऱ्यातल्या टाचणीएवढ्या छिद्रातून पाणी प्लायच्या थरांत शिरतं आणि काही महिन्यांनी बाहेरून डाग दिसतो, तोवर आतलं लाकूड काळं पडलेलं असतं. म्हणून सुतारकामाला दोन दिवस आणि कवचाला दोन आठवडे असा हिशेब धरा.

काम कधी काढायचं

ठाणे-नवी मुंबईत याचं उत्तर सोपं आहे: दिवाळीनंतर, फेब्रुवारी संपेपर्यंत. जून ते सप्टेंबर अजिबात नको. पावसाळ्यात दुकानातला प्लायच दमट असतो. त्यावर रेझिन चढवलं की ती ओल आतच कोंडते. शिवाय दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट, चिकट थर येतो. हार्डनरची हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी होणारी ती प्रक्रिया आहे. हा थर धुऊन न काढता वर दुसरा हात मारला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. खाडीच्या जवळ, म्हणजे ऐरोली, वाशी, कोपरीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हवेतली ओल काय चीज आहे ते सांगायला नको.

एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी. भांड्यातलं रेझिन बघता बघता तापतं आणि ब्रश उचलेपर्यंत घट्ट होतं. वर कपाळाचा घाम थेट ओल्या रेझिनमध्ये टपकतो, आणि तिथे हमखास डाग राहतो.

प्लाय घरी आणल्यावर दोन आठवडे पंख्याच्या हवेत, सपाट जागी, खाली पट्ट्या ठेवून आडवा ठेवा. भिंतीला तिरका टेकवला तर त्याला बाक येतो आणि बाक आलेल्या प्लायचा खोका कधीच काटकोनात बसत नाही.

वजन आणि जागा

आपण बांधणार आहोत तो टँक बाहेरून ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि साधारण २ फूट उंच. आत पाणी २१ इंचांपर्यंत भरलं तर ते ३६० लिटरच्या आसपास होतं, म्हणजे तेवढेच किलो. त्यात खडी, दगड, काच, प्लाय आणि लोखंडी स्टँड धरला की एकूण वजन ५०० किलोच्या घरात जातं. घरगुती स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो आहे. आपला टँक पाऊण चौरस मीटर जागेवर पाचशे किलो ठेवतो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण मानकातला आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे. पण खोलीच्या मध्यावर, बीमपासून लांब, असा टँक ठेवायचा नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

तळमजल्यावर किंवा बैठ्या घरात राहत असाल तर पुढे चला. वरच्या मजल्यावर असाल तर टँक बीमवर किंवा कॉलमच्या जवळ घ्या. आपल्या जमिनीखालचा बीम कुठे जातो ते बघायला खालच्या शेजाऱ्यांच्या छताकडे बघावं लागतं, त्या निमित्ताने त्यांना कल्पनाही देऊन होते. खोल्यांमधली चार इंची विटांची भिंत भार घेत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. ३० वर्षांवरच्या इमारतींना महाराष्ट्रात स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. नौपाड्यातल्या किंवा वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतीत राहत असाल तर तो अहवाल सेक्रेटरींकडून मागून वाचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका. बाल्कनी तर विसराच.

स्टँड चौकोनी लोखंडी पाइपचा, वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. चार सुटे पाय असलेला स्टँड चार टाइलींवर सगळा भार टाकतो. त्याऐवजी पायांखालून जमिनीला टेकलेली पूर्ण चौकट मागा. वर १८ मिमी प्लायचा सपाट तक्ता हवा, कारण टँकचा तळ सगळीकडून टेकलेला असला पाहिजे. स्टँड जागेवर ठेवून पाणसळ लावा. ट्यूबमध्ये पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची मिस्त्री लोकांची रीत इथे उत्तम.

प्लाय विकत घेताना

मागायचा तो आयएस ७१०, म्हणजे मरीन ग्रेड, जाडी १८ किंवा १९ मिमी. सुताराच्या भाषेत सहा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आयएस ३०३ चा साधा कमर्शियल प्लाय नको. शिक्का बघून समाधान मानू नका. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

मग शीटच्या चारही कडा डोळ्यांखालून घाला. थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत. स्क्रू नेमका त्या पोकळीत गेला तर तो काहीच धरून ठेवत नाही. बोटांच्या सांध्याने शीट ठोकत जा, मध्येच आवाज बदलला तर आत गॅप आहे. कापून उरलेला हातभर तुकडा घरी चार-पाच तास उकळून बघितला तरी बरंच कळतं. ७१० च्या चाचणीत तो ७२ तास उकळतात, त्यामुळे आपल्या पातेल्यात थर सुटायला लागले तर शिक्का खोटा आहे असं समजा.

मरीन प्लायला बुरशी आणि किडीविरुद्ध रसायनाची प्रक्रिया केलेली असते. ते माशांच्या पाण्यात उतरायला नको, हेही आतलं कवच अखंड हवं याचं एक कारण.

एका शीटमध्ये अख्खा टँक

८ बाय ४ फुटांच्या एकाच शीटमध्ये हा टँक बसतो, म्हणूनच हे माप निवडलं आहे. शीटचे ४८ बाय २४ इंचांचे चार सारखे तुकडे करायचे. पहिला तळ, दुसरा पाठ, तिसरा समोरची बाजू. चौथ्यातून दोन बाजू, प्रत्येकी साडेबावीस इंच रुंद आणि २४ इंच उंच. त्यातून पावणेतीन इंचांची एक पट्टी उरते, ती फेकू नका.

समोरच्या तुकड्यात खिडकी कापायची. चारही बाजूंनी ४ इंचांची चौकट सोडली तर मधली खिडकी ४० बाय १६ इंचांची होते. जिगसॉचं पातं आत घालण्यासाठी चार कोपऱ्यांत आधी मोठी भोकं पाडा. कोपरे गोलसर राहिले तर उत्तम, कारण काटकोनी कोपऱ्यातून प्लायला चीर जायची शक्यता जास्त. खिडकीतून निघालेल्या तुकड्याच्या ४० इंच लांबीच्या चार पट्ट्या करा. त्यातल्या दोन वरच्या काठाला आतून पुढे-मागे लागतील, उरलेल्या दोनांतून डाव्या-उजव्या टोकांच्या आडव्या पट्ट्या निघतील आणि मघाची पावणेतीन इंची पट्टी मधोमध पुढून मागे जाईल. अशी शीट संपते.

मोठे काप दुकानातल्या किंवा सुताराच्या टेबल करवतीवरच करून घ्या. हातकरवतीने आठ फुटांची रेघ सरळ जात नाही. करवतीच्या पात्याने जवळजवळ एक सूत लाकूड खाल्लं जातं हे धरून बाजूंचं अंतिम माप शेवटी घ्या: तळाची प्रत्यक्ष रुंदी वजा प्लायच्या दोन जाड्या.

वरच्या आडव्या पट्ट्यांना शोभा म्हणून टाळायचा मोह होतो, विशेषतः वरून सगळं मोकळं दिसावं असं वाटणाऱ्यांना. २१ इंच पाणी समोरच्या बाजूवर साधारण १६५ किलोचा जोर लावतं. तेवढाच मागे. मधली पट्टी नसेल तर समोरचा वरचा काठ बाहेर बाक घेतो, बाक घेतला की काचेच्या कडेचं सिलिकॉन ताणलं जातं आणि रेझिनला तडा जातो. इथे एक गंमत लक्षात ठेवा. हा जोर टँकच्या पुढून-मागच्या रुंदीवर अजिबात अवलंबून नाही, उंचीवर मात्र वर्गाने वाढतो. पाणी दुप्पट उंच केलं तर जोर चौपट. म्हणून पहिला टँक मोठा करायचाच असेल तर रुंद करा, उंच करू नका.

जोडणी

बाजूचे दोन तुकडे पुढच्या आणि मागच्या तुकड्यांच्या मध्ये बसतात आणि चौघेही तळावर उभे राहतात. स्क्रू नेहमी बाहेरून, स्टेनलेस स्टीलचे, ५० मिमी लांब, दर चार इंचांवर. प्रत्येक ठिकाणी आधी ३ मिमीचं भोक पाडायचं. प्लायच्या कडेत भोक न पाडता स्क्रू घुसवला तर थर फाकतात, आणि ती फट दिसत नाही पण असते. डोकं बसायला खळगा करा, नंतर तो भरायचा आहे.

चिकटवायला बारीक भुसा मिसळून घट्ट केलेलं इपॉक्सीच वापरावं असं माझं मत आहे. पाण्यात टिकणारे मरीन जातीचे फेव्हिकॉलही चालतात, पण पुढे सगळ्याला इपॉक्सीच लावायचं आहे तर सांध्यातही तेच बरं. प्लायची कड चिकटद्रव्य शोषून घेते, म्हणून तिला आधी पातळ रेझिनचा एक हात मारा, दहा मिनिटांनी घट्ट मिश्रण लावा आणि मग स्क्रू आवळा. सांध्यातून थोडं मिश्रण बाहेर आलं पाहिजे. काहीच आलं नाही तर आत कमी पडलं आहे.

आवळण्यापूर्वी गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे भरले की खोका काटकोनात आहे. एखाद्या सुताचा फरक चालेल. पाव इंचाचा चालणार नाही, काच बसवताना तो भोवतो.

पाइपसाठी भोक पाडून टँक निपल बसवायचा विचार असेल तर भोक आत्ताच पाडा, म्हणजे त्याच्या आतल्या कडेलाही रेझिन लावता येईल. नवख्यांनी भोक पाडूच नये. वरच्या काठावरून पाइप घेणारा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, पुरतो.

कोणतं रेझिन

बाजारात दोन वाटा आहेत. एक पॉलिएस्टर रेझिन, ज्याला सगळे नुसतं फायबर म्हणतात. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांवर फायबर चढवतात ते बहुधा हेच. वागळे इस्टेट किंवा टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात फायबरचं काम करणारे सापडतात आणि त्यांच्याकडून खोक्याला आतून फायबर मारून घेता येतं. स्वस्त पडतं. पण त्यातल्या स्टायरीन या द्रावकाचा वास डोक्यात जातो, लाकडावरची पकड इपॉक्सीपेक्षा कमी असते आणि त्यात घालायची दोन रसायनं, कोबाल्ट आणि एमईकेपी कॅटॅलिस्ट, चुकून एकमेकांत थेट मिसळली तर स्फोट होऊ शकतो. फ्लॅटमध्ये हा उद्योग करूच नका.

दुसरी वाट इपॉक्सीची, आणि घरी करायचं तर हीच. सॉल्व्हंट नसलेलं, पातळ, दोन भागांचं इपॉक्सी हवं. फरशीवर मारायचा सॉल्व्हंटवाला इपॉक्सी पेंट ही वेगळी चीज आहे. आत-बाहेर मिळून तीन ते चार किलो लागेल. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ते वजनाने दिलंय की मापाने, हे डब्यावर नीट वाचा आणि वजनाने असेल तर किचनमधल्या डिजिटल काट्यावर तोला. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणं हा आपल्याकडचा आवडता शहाणपणा. इपॉक्सीत तो चालत नाही. जादा हार्डनर तसाच उरतो, थर कायमचा चिकट राहतो आणि तोच पुढे पाण्यात उतरतो. पातळ करण्यासाठी थिनर घालणंही तितकंच वाईट.

कवचाला बळकटी द्यायला इपॉक्सीत काचेच्या तंतूंचं कापड घालायचं आहे. ते घेताना विणलेलं मागा, साधारण २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं. विस्कटलेल्या तंतूंची मॅट स्वस्त मिळते, पण तिच्यातला बांधणारा पदार्थ बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्येच विरघळतो. इपॉक्सीत ती मऊ पडत नाही आणि कोपऱ्यात उभी राहते.

हातात नायट्रिलचे मोजे हवेतच. इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर ॲलर्जी येते आणि एकदा आली की ती जात नाही. हाताला लागलेलं रेझिन साबण-पाण्याने धुवा, थिनरने पुसू नका. घासताना मास्क, खिडक्या उघड्या आणि लहान मुलं-मांजरं दुसऱ्या खोलीत.

कवच चढवणं

आतला सगळा पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भुसा व्हॅक्यूमने ओढा किंवा कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं नको.

पहिला हात पातळ, आणि तो संध्याकाळी. यामागे कारण आहे. लाकडाच्या रंध्रांत हवा असते. सकाळी काम केलं तर दिवस तापेल तशी ती हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर पडते, प्रत्येक बुडबुड्यामागे एक छिद्र. ऊन उतरताना काम केलं तर लाकूड थंड होत जातं आणि रेझिन उलट आत ओढलं जातं.

एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नका. मोठं मिश्रण खोल भांड्यात स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं, प्लास्टिकचा मग वितळवतं. दोन-तीन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं आणि ब्रशने ते नेमकं शेवटी कोपऱ्यात जातं. तयार मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतलं की ते जास्त वेळ टिकतं.

खोका असा फिरवत जा की ज्या बाजूला हात मारताय ती आडवी असेल. उभ्या भिंतीवर रेझिन ओघळतं, वर पातळ होतं आणि खाली साचतं. यात वेळ जातो, एका संध्याकाळी एक-दोनच बाजू होतात. जाऊ दे वेळ.

पहिला हात चिकटसर झाला की कोपरे. प्लायचा भुसा, पण मैद्यासारखा चाळलेला, रेझिनमध्ये मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट मिश्रण करा. ते प्रत्येक आतल्या कोपऱ्यात भरून आइस्क्रीमच्या लाकडी पट्टीच्या गोल टोकाने ओढा, म्हणजे काटकोनाच्या जागी गोलाई येते. ही गोलाई आली नाही तर काचेचं कापड कोपऱ्यात वळत नाही, त्याच्या मागे हवा राहते, आणि गळती सुरू होते ती तिथूनच. स्क्रूचे खळगे, लाकडातल्या गाठी, खिडकीच्या कापलेल्या कडा याच मिश्रणाने भरा. कोपऱ्यात एम-सील दाबून भागवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. एम-सील नळाच्या सांध्याला ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी गोलाईवरचे उंचवटे घासून घ्या आणि कापड घाला. आधी सगळ्या कोपऱ्यांवर चार इंची पट्ट्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच येतील अशा. नंतर तळ आणि बाजूंवर मोठे तुकडे, एकमेकांवर दोन इंच चढवून. कोरडं कापड ओल्या रेझिनवर पसरवा आणि वरून रेझिन देत रोलरने किंवा जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे ओढत जा. नीट भिजलेलं कापड पारदर्शक होतं. पांढरा ठिपका दिसतो तिथे हवा आहे. ती ओलं असतानाच काढा. सुकल्यावर राहिलीच तर ब्लेडने तेवढा भाग कापून घासा आणि रेझिनने भरा.

कापडावर आणखी दोन हात, पहिल्याला आडवा दुसरा. आधीचा हात बोटाला चिकट लागतोय पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेत पुढचा मारला तर मध्ये घासावं लागत नाही. रात्र उलटली असेल तर आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, पूर्ण सुकवा, १२० नंबरने खरखरीत करा. हा क्रम महत्त्वाचा. आधी घासलं तर तो मेणचट थर पेपरबरोबर सगळीकडे पसरतो.

शेवटच्या हातात इपॉक्सीचं काळं किंवा गडद निळं पिगमेंट घाला. माशांचे रंग उठून दिसतात हे तर आहेच, पण सुटलेली जागा रंगामुळे लगेच ओळखू येते. टॉर्च आडवा धरून सगळ्या आतल्या भागावर प्रकाश टाका, छिद्रांची सावली पडते. बाहेरून आणि तळाखालून निदान दोन हात मारा, नाहीतर पावसाळ्यातली हवा प्लायला बाहेरून ओल पाजेल.

मग सात दिवस हात लावायचा नाही.

काच

१२ मिमी जाडीची साधी फ्लोट काच, ४३ बाय १९ इंच. खिडकीच्या चारही बाजूंना दीड इंच काठ मिळतो. कडा घासून घ्यायला काचवाल्याला सांगा. तिचं वजन सोळा किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे बसवायला दोघं हवेत. काच आतून लावायची, म्हणजे पाणी तिला चौकटीवर दाबून धरतं. बाहेरून लावलेली काच पाणी ढकलून देईल.

सिलिकॉन ॲक्वेरियमसाठीचं किंवा शंभर टक्के सिलिकॉन, बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमसाठीच्या ट्यूबमध्ये अनेकदा बुरशीनाशक असतं आणि ते माशांना घातक. क्रम मात्र उलटा करू नका: इपॉक्सीवर सिलिकॉन धरतं, सिलिकॉनवर इपॉक्सी किंवा रंग कधीच धरत नाही. एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी रेझिनची डागडुजी करणं म्हणजे डोकेदुखी.

खोका समोरची बाजू खाली करून जाड चादरीवर सपाट ठेवा. चौकटीचा आतला काठ १२० नंबरने घासा, काच आणि काठ स्पिरिटने पुसा. सिलिकॉनचा जाड, कुठेही न तुटलेला पट्टा फिरवा. आदल्या दिवशी सुकवलेल्या सिलिकॉनचे एक सूत जाडीचे छोटे तुकडे सहा-आठ ठिकाणी ठेवले तर काचेखाली तेवढा थर कायम राहतो. सगळं सिलिकॉन दाबून बाहेर काढलं तर काच थेट लाकडाच्या उंचवट्यावर टेकते आणि तिथूनच तडकते. काच वरून एकदाच, सरळ खाली. सरकवू नका. मग तिच्या कडेने आतून आणखी एक पट्टा, ओल्या बोटाने ओढून गोल केलेला.

सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने सुकतं, आणि इथे दीड इंच रुंदीच्या पट्ट्याला हवा फक्त कडेने मिळते. वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओलं असतं. दोन आठवडे द्या.

पाण्याची चाचणी

रिकामा टँक पन्नास-साठ किलोचा आहे. तो उचलायला चार जण आणि लिफ्टच्या दाराचं माप, दोन्हीची सोय आधीच बघून ठेवा. पहिली चाचणी शक्यतो तळमजल्यावर, सोसायटीची परवानगी काढून पार्किंगच्या कोपऱ्यात. स्टँडसकट, आणि खाली वर्तमानपत्रं अंथरून. थेंब पडला तर कागदावर लगेच कळतो.

आधी पाव टँक भरा आणि एक दिवस थांबा. मग निम्मा, मग पूर्ण. समोरच्या वरच्या काठाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधा आणि मध्यावर किती बाक आला ते मोजा. एक-दोन मिमी ठीक. एक सूत ओलांडलं तर पाणी काढा आणि मधल्या पट्टीचे स्क्रू बघा.

पूर्ण भरल्यावर आठवडाभर ठेवा. पाणी कमी झालेलं दिसेल आणि पोटात गोळा येईल, पण ते उडूनही जातं. शेजारी एक पाण्याची बादली ठेवा, दोन्हींत पातळीवर खूण करा. दोन्हींकडे सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. टँकमध्ये जास्त उतरलं तर गळती. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि महापालिकेचे कर्मचारी डेंग्यूच्या तपासणीला आले तर पार्किंगमधला उघडा टँक आधी दिसणार, म्हणून वर जुनी मच्छरदाणी बांधा.

गळती सापडली तर पाणी काढा, टँक पंख्याखाली निदान आठवडाभर पूर्ण सुकवा आणि मगच तो भाग घासून कापड-रेझिन लावा. ओल्या लाकडावर लावलेला ठिगळ टिकत नाही. चाचणीचं पाणी सोसायटीच्या झाडांना घालू नका, पहिलं पाणी रसायनं धुऊन आणतं. ते गटारात सोडा. त्यानंतर दोनदा पाणी बदलून दोन-दोन दिवस ठेवा.

मासे सोडण्यापूर्वी

टँक जागेवर गेला, पुन्हा पाणसळ लावली, पाणी भरलं, फिल्टर सुरू केला, तरी मासे लगेच नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला ॲक्वेरियमच्या दुकानात हायपो मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पण खरा वेळ लागतो तो फिल्टरमध्ये जिवाणू वाढायला. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. ओळखीच्या कोणाच्या चालू टँकमधला फिल्टरचा मळका स्पंज मिळाला तर हे खूप लवकर होतं.

विजेच्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, असल्याची खात्री करा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल.

या मापात एंजल, गोरामी, टेट्राचे थवे, नाहीतर नुसती एखादी ऑस्करची जोडी आरामात राहते. अरोवाना घ्यायचा हट्ट असेल तर थांबा. तो दोन-अडीच फूट होतो आणि आपल्या टँकची आतली रुंदी जेमतेम साडेबावीस इंच आहे, त्याला वळताही येणार नाही.

वापरताना खडी साफ करायला धातूचा चमचा किंवा ब्लेड आत घालू नका. दर महिन्याला स्टँडखाली वाकून तळाच्या कडेवर हात फिरवा आणि पहिल्या पावसाळ्यात वरच्या पट्ट्यांचे सांधे नीट बघा. दिव्याची उष्णता आणि वाफ तिथेच सर्वांत जास्त लागते, त्यामुळे रेझिन पिवळं पडून भेग दिसायला लागली तर ती तिथे आधी दिसेल. पाणी दोन-तीन इंच उतरवून तेवढाच भाग सुकवता आणि घासता येतो. नवा हात मारून तो पूर्ण सुकेपर्यंत मासे दुसऱ्या टबमध्ये ठेवा.